खळ्यातला ध्वजस्तंभ

कार्तिक अर्धा सरला की आमच्या कर्जतच्या हवेचा वास पालटतो. चार महिने नाकात बसलेला चिखलाचा आणि न वाळलेल्या कपड्यांचा कुबट वास निघून जातो आणि त्याच्या जागी कापलेल्या भाताचा येतो. थोडा गोड, थोडा धुळीचा, नाकाला खाज आणणारा. पहाटे नदीवर धुकं असतं. दारावरून भाऱ्यांच्या गाड्या कुरकुरत खळ्यांकडे जातात आणि त्यांच्या मागे रस्त्यावर सांडलेल्या लोंब्यांची रेघ उमटते. मग चिमण्या आणि शेजारच्या कोंबड्या ती रेघ पुसत पुसत जातात. मी ओटीवर बसून हे पाहते आणि मला हसू येतं. तुमचे आजोबा विचारतात, काय झालं. मी म्हणते, काही नाही, पेठचा किल्ला आठवला. मग तेही हसतात, पण जपून. त्यात त्यांच्या थोरल्या भावाची अब्रू गुंतलेली आहे.

नलू, तुला शाळेत ‘स्फूर्ती देणारा किल्ला’ या विषयावर उभं राहून बोलायचं आहे आणि ग्वाल्हेरचा किल्ला वर्गातल्या सगळ्याच मुली घेणार म्हणून तुला आजीच्या मुलखातला हवा आहे, असं तुझ्या आईने कळवलं. विनूने खाली पेन्सिलीने जोडलं आहे की त्यात लढाई असावी. लढाई आहे. स्फूर्तीचं मात्र मला विचारू नका. हा शब्द मी इतक्या लठ्ठ माणसांच्या तोंडून, इतका चिवडा खाऊन झाल्यावर ऐकला आहे, की तो कानावर पडला की मला शेंगदाण्याचा वास येतो.

मागच्या माघात मी तुमच्याकडे ग्वाल्हेरला आले होते तेव्हा तुम्ही मला तुमच्या किल्ल्यावर नेलंत. शहराच्या डोक्यावर केवढा तो डोंगर, त्यावर केवढे ते वाडे, तळी, देवळं. मी नाही म्हणत नाही. पण तो लाल फेट्याचा माणूस आठवतो का, जो आपल्याला सगळं दाखवत होता? छताला कडी दिसली की तिथे राणीचा झोपाळा. जमिनीत खड्डा दिसला की तिथे राणीचं स्नानगृह. भिंतीत भोक दिसलं की तिथून राणी पाहत असे. त्या बिचारीला दुसरं काही काम नव्हतंच. आणि ते सासबहूचं देऊळ. मोठं सासूचं, लहान सुनेचं, असं त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं. तुमचे बाबा हळूच म्हणाले की मूळ नाव सहस्रबाहू असावं. म्हणजे लोकांच्या जिभेने एका देवाचे हजार हात छाटले आणि त्याच्या गाभाऱ्यात दोन बायका आणून भांडायला बसवल्या. फेटेवाल्याला मी हे बोलले असते तर त्याने माझ्याकडे कीव येऊन पाहिलं असतं. त्या मोठ्या वाड्याच्या निळ्या भिंतीवरची पिवळी बदकं तेवढी मला आवडली. गोल, तुकतुकीत, एकामागून एक निघालेली, कुठे जायचं आहे याची मुळीच काळजी नसलेली. त्यांना पाहून मला थोरल्या भावजींचं मंडळ आठवलं.

वर तटावर उभं राहून तुम्ही मला खालचं शहर दाखवलंत. घरं काडेपेटीएवढी, टांगे मुंगीएवढे. आसपासची पोक्त माणसंसुद्धा छाती काढून उभी होती. उंच चढून खाली पाहिलं की आपली उंची वाढली असं माणसाला का वाटतं, हे मला कधीच कळलेलं नाही. उंची डोंगराची असते. माणूस वर आला तरी तेवढाच राहतो, फक्त जास्त घामेजलेला.

आता क्रमाने सांगते.

दुसरं महायुद्ध सुरू होण्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. तुमची आई रांगत होती. आमचं घर तेव्हा एकत्र. तुमचे आजोबा घरच्या भाताच्या गिरणीत जायचे आणि त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे भावजी, कचेरीत वकिली करायचे. आवाज असा की अशिलाचं गुपित नदीपलीकडे ऐकू जाई. त्यांनी त्या साली एक किल्लेभक्त मंडळ काढलं. मंडळात भावजी, शाळेचे हेडमास्तर आणि अशीच आणखी चारदोन पोटं होती. त्यांची भक्ती अशी की रविवारी आमच्या ओटीवर जमायचं, पूर्वजांच्या नावाने मुठी आवळायच्या आणि त्याच मुठी चिवड्याच्या परातीत घालायच्या. महिन्याकाठी एखाद्या किल्ल्यावर जायचं, घाम पुसायचा, ‘काय ती माणसं होती’ असं आळीपाळीने म्हणायचं आणि उतरल्यावर कुणाच्या तरी गुडघ्याला तेल चोळायचं.

मी इंग्रजी सहावीपर्यंत शिकलेली. त्या घरात माझ्या इंग्रजीचा उपयोग एवढाच होता की सरकारी पुस्तकात किल्ल्यांची माहिती इंग्रजीत असे आणि ती वाचून भावजींना अर्थ सांगावा लागे. त्यांचं इंग्रजी वकीलपत्रापुरतं. मी पडद्याआडून वाचायची, ते बाहेर जाऊन तेच मोठ्या आवाजात सांगायचे. जिथे पुस्तकात ‘येथे पाहण्यासारखं फारसं काही नाही’ असं असे, तिथे ते तेवढं गाळायचे.

त्या कार्तिकात मंडळाने ठरवलं की पेठच्या किल्ल्यावर भगवा ध्वज उभारायचा. ध्वज म्हटल्यावर सगळ्यांचा आवाज घोगरा झाला. मग कुणीतरी हळूच विचारलं, मामलेदार काय म्हणतील. दुसऱ्या दिवशी ही मंडळी डोईला पागोटी घालून मामलेदारांकडे गेली आणि अर्ज केला की आम्हाला भैरोबाच्या देवस्थानावर निशाण लावायचं आहे. देवाचं निशाण असेल तर हरकत नाही, असं उत्तर आलं. तेव्हापासून तो कचेरीत भैरोबाचं निशाण आणि आमच्या ओटीवर स्वराज्याचा ध्वज झाला. इतकं सोयीचं शौर्य मी पुन्हा पाहिलं नाही.

निघालो तेव्हा बरोबर पुण्याचे एक पाहुणे होते. इतिहास-संशोधक. खाकी अर्धी विजार, पिंढऱ्यांना पट्ट्या, गळ्यात दुर्बीण. जाऊबाई आणि मी दोघी होतो, कारण पिठलं-भाकरी स्फूर्तीने होत नाही. कर्जतहून कशेळ्याला आणि तिथून अंबिवलीला बैलगाड्यांनी गेलो. दोन्ही बाजूंना कापणी चाललेली. बायका ओणव्या होऊन विळे चालवत होत्या आणि विळ्याचा तो खर्र खर्र आवाज गाडीच्या आवाजातूनही ऐकू येत होता. कापलेल्या शेतात बगळे उभे होते. पाहुण्यांना यातलं काही दिसलं नाही. त्यांना म्हशींच्या पाण्याचा हौद दिसला आणि तो कोण्या सरदाराच्या घोड्यांचा असावा असं त्यांनी सांगितलं. गाडीवान म्हणाला, “आमच्या पाटलानं बांदला त्यो, माज्या लग्नाच्या साली.” पाहुणे म्हणाले, “जीर्णोद्धार केला असेल.”

अंबिवलीपासून पायी चढण. ध्वजासाठी सागाचा सोट आणला होता, चांगला मांडीएवढा जाड. तो गावचे गडी खांद्यावर वाहत होते आणि मंडळी मागून ‘सांभाळून’ असं म्हणत होती. डोंगराच्या खांद्यावर पेठ नावाचं ठाकरांचं गाव आहे, गाव म्हणजे मूठभर घरं. त्याच्या डोक्यावर उपड्या नरसाळ्यासारखा सुळका, पोटात कोरीव खांबांची गुहा, भैरोबा, आणि सुळक्याच्या आतून शेंड्यापर्यंत गेलेला खडकातला जिना. ते काम मात्र खरोखर थक्क करणारं. पण मंडळी तिथपर्यंत पोचण्याआधीच गावाच्या कडेला थांबली. तिथे त्यांना शोध लागला.

डोंगराच्या त्या सबंध उतारावर एवढीच एक सपाट जागा. काळ्या कातळाचा पाटा, त्यावर शेणाने सारवलेलं गोल खळं, कडेने दगडांची ओळ आणि मधोमध उभा केलेला ऐनाचा बुंधा. खळ्यात असतो तो तिवडा. त्याला बैल बांधतात आणि बैल त्याच्याभोवती फिरून कणसं तुडवतात. मळणी म्हणजे काय हे तुम्हा शहरातल्या मुलांनाही एवढ्यावरून कळलं असेल. कडेला नाचणीची कणसं रचून ठेवलेली होती आणि त्यांच्यापाशी एक ठाकरीण उभी होती. तिचं नाव गोमी. काळी, काटक, कमरेला कोयता, चेहरा असा की हिच्याशी वाद घालू नये.

पाहुणे गुडघ्यावर बसले. तिवड्याच्या बुडाशी त्यांनी काठी खुपसून पाहिली.

“खळगी कातळात कोरलेली आहे,” ते म्हणाले. “मातीत खणलेली नाही.”

“म्हणजे?” भावजींनी विचारलं.

“हा चबुतरा. वर्तुळाकार. मधोमध स्तंभ. इथे गडाचा ध्वज होता.”

गोमी म्हणाली, “तिवडा हाय त्यो, दादा.”

“काय म्हणते?”

“तिवडा म्हणते,” हेडमास्तरांनी सांगितलं.

पाहुण्यांनी डोळे मिटले. “त्रिध्वज,” ते म्हणाले. “तीन पताकांचा ध्वज तो त्रिध्वज. त्याचा अपभ्रंश तिवडा. अर्थ विसरले, शब्द राहिला. केवढं दुर्दैव.”

हेडमास्तरांनी मान हलवली. ते मुलांना व्याकरण शिकवत आणि कुठल्याही मुलाने असा अपभ्रंश लिहिला असता तर त्याला त्यांनी बाकावर उभं केलं असतं. पण मुलगा पुण्याचा असला की नियम वेगळे.

मग भावजींनी गड्यांना तिवडा उपटायला सांगितला.

“तिवडा उपटू नका,” गोमी म्हणाली. “रास पडली नाय अजून.” मळणी होऊन धान्याची रास उचलेपर्यंत तिवडा हलवायचा नाही, ही त्यांची रीत. पूजा करून उभा केलेला असतो तो.

“बाई, ही साधीसुधी जागा नाही,” भावजी म्हणाले.

“नाय, साधी नाय. आमचं खळं हाय.”

“खळं दुसरीकडे करा.”

“कुटं करू?”

भावजींनी हात पसरून सबंध डोंगर दाखवला. “एवढा डोंगर पडला आहे.”

“हितं दाना सोडला तं अंबिवलीत जाऊन थांबंल,” गोमी म्हणाली. “तुमी जाऊन वेचाल?”

पण वकिलाला उलट प्रश्न आवडत नाही. तिवडा निघाला. गड्यांनी तो कडेला टाकला. त्या खळगीत सागाचा सोट बसला, दगडांची पाचर ठोकली, वर भगवं कापड फडकलं, नारळ फुटला. भावजींचं भाषण झालं. हेडमास्तरांनी स्वतःची कविता म्हटली आणि तिच्यात ‘गड’ला यमक म्हणून ‘धड’ तीनदा आलं. शेवटी भावजी गावाकडे वळून म्हणाले, “या खांबाला जो हात लावील त्याला कचेरीत जाब द्यावा लागेल.” कचेरी म्हटल्यावर गावातली माणसं मागे सरली. नारळाचा तुकडा हातात आला तो त्यांनी घेतला.

मग मंडळी शिखरावर गेली. सूर्यास्त तिथून पाहायचा आणि तिथे आणखी भाषणं करायची, असा बेत होता. दिवसभर एकमेकांचं ऐकूनही त्यांची हौस फिटली नव्हती.

आम्ही दोघी गोमीच्या पडवीत चूल मांडून बसलो. जाऊबाई पीठ मळत होत्या. मी भीमाशंकरच्या बाजूला पाहत होते. तिकडे ढग जमत होते. कार्तिकातला पाऊस किती वाईट, हे मला गिरणीच्या घरात येऊन कळलं होतं. उघड्यावर रचलेली नाचणी एकदा भिजली की तिला मोड येतात, आणि मोड आलेल्या नाचणीची भाकरी कडू लागते. ती नाचणी म्हणजे गोमीच्या घराची पावसाळ्यापर्यंतची भाकरी होती. दुसरं काहीच नव्हतं. तिचा नवरा धर्मा अंबिवलीला बैल आणायला गेला होता. बैल दुसऱ्याचे. त्या माणसाच्या शेतावर धर्माने भात कापून दिलं होतं, त्याच्या बदल्यात आजचा दिवस मिळालेले. उद्या पहाटे ते परत द्यायचे होते.

उपटलेला तिवडा गोमीने पडवीत आणून टेकवून ठेवला होता, आणि येताजाता त्याच्याकडे पाहत होती.

धर्मा बैल घेऊन आला आणि खळ्याच्या कडेला थबकला.

“ह्ये काय आनलंस गं?”

“मी नाय आनलं. झेंडा हाय.”

“कुनाचा?”

“वर गेल्यात त्यांचा.”

“आनि खळं?”

“त्येबी त्यांचंच म्हंतान.”

धर्माने ढगांकडे पाहिलं, बैलांकडे पाहिलं आणि खाली बसला. गोमी सोटाजवळ गेली. हात न लावता तिने त्याच्याभोवती एक फेरी मारली, बुडाची पाचर वाकून पाहिली.

“सोट बेस हाय रं,” ती म्हणाली. “आपल्या तिवड्यापरीस बरा हाय.”

मग तिने माझ्याकडे पाहिलं. “बाय, तुमचं मानूस काय बोललं? हात लावायचा नाय?”

मी वकिलाच्या घरात राहत होते आणि इंग्रजी शिकलेली होते. शब्द नीट वाचायची सवय होती. मी म्हटलं, “हात लावायचा नाही असं म्हणाले. दावं लावायचं नाही असं म्हणाले नाहीत.”

“अगो,” जाऊबाई म्हणाल्या, “वरून दिसेल त्यांना.”

“त्यांना खालचं काही दिसत नाही, वहिनी. कर्जतपासून पाहते आहे मी.”

जाऊबाईंनी परात पुढे ओढली. “मी काही पाहिलं नाही हो,” त्या म्हणाल्या. “मी भाकऱ्या करत्ये.” आणि त्या पाठ फिरवून बसल्या.

त्या संध्याकाळची मळणी मला अजून दिसते. दावं सोटाला, बैलांची पात एकाला एक जोडून, धर्मा मागे, आणि गोमी लाकडी आकड्याने कणसं आत ओढते आहे. ढगांच्या कडेने तिरकं पिवळं ऊन आलेलं. नाचणीचा भुसा त्या उन्हात उडत होता, सोनेरी धुरासारखा, आणि माझ्या नाकातोंडात जात होता. खुरांचा आवाज कणसांवर मऊ येत होता आणि बाहेरच्या बैलाचा पाय दगडावर पडला की टक्क वाजे. धर्मा बैलांशी बोलत होता, हळू, घरातल्या माणसाशी बोलावं तसं. आणि या सगळ्याच्या वर ते भगवं कापड फडफडत होतं. दाव्याच्या ओढीने सोट थोडा हले आणि कापड आणखी जोरात फडफडे. दिवसभरात त्या झेंड्याला पहिल्यांदा काहीतरी काम लागलं होतं. एका बैलाने त्याच्या बुडाशी लघवी केली, आणि गोमीने लगेच पेंढ्याचा बोळा घेऊन जागा पुसली. झेंड्यासाठी नव्हे, नाचणीसाठी.

अंधारून यायच्या आत तिने पाखडलं. वारा चांगला होता. रास पडली, बारीक, तपकिरी, लालसर, सोटाच्या बुडाशी. तेवढ्यात शिखरावरून माणसं उतरल्याचा आवाज आला. भावजींच्या आवाजाला कंदील लागत नसे.

जाऊबाईंच्या हातातली भाकरी तव्यावर पडण्याऐवजी चुलीत पडली. धर्मा बैल सोडून बाजूला उभा राहिला. गोमी राशीपाशीच उभी होती, सूप हातात.

सगळ्यांत पुढे पाहुणे होते. त्यांचे डोळे ओले होते. ते सरळ माझ्याकडे आले आणि त्या दिवसात पहिल्यांदाच माझ्याशी बोलले.

“वहिनी, तुम्ही पाहिलंत?”

“काय?”

“दुर्बिणीतून आम्ही सगळं पाहत होतो. हे लोक आपण होऊन ध्वजाला प्रदक्षिणा घालत होते. बैलांसकट.”

“हो,” मी म्हटलं. “बैलांसकट.”

“आणि ही पायाशी धान्याची रास वाहिली आहे.”

भावजी राशीकडे पाहत होते. भाताच्या गिरणीवर ज्याचं सबंध घर चालतं, असा तो माणूस. मळणी त्यांनी जन्मभर पाहिली होती. मला वाटलं, आता हे ओळखणार आणि गोमीचं काही खरं नाही. पण पुण्याच्या पाहुण्याने ज्याला प्रदक्षिणा म्हटलं त्याला मळणी म्हणायचं म्हणजे पाहुण्याचा अपमान, मंडळाचा अपमान, आणि मघाच्या भाषणाचाही. भावजींचा चेहरा दोनदा बदलला. मग त्यांनी खिशातून रुमाल काढून डोळ्यांना लावला. त्यांची खात्री पटली होती. स्वतःच्या सोयीची गोष्ट त्यांना नेहमी अशीच लवकर पटायची.

पाहुण्यांनी गोमीला विचारलं, “बाई, ही चाल कधीपासूनची?”

“आज्यापास्न हाय.”

“कोणत्या तिथीला करता?”

“पीक निघंल त्या दिशी.”

“प्रदक्षिणा डावीकडून की उजवीकडून?”

“बैल वळंल तशी.”

“आणि धान्याचं पुढे काय करता?”

गोमीने सूप खाली ठेवलं. “खातो,” ती म्हणाली.

“प्रसाद,” पाहुणे हेडमास्तरांना म्हणाले. हेडमास्तरांनी ‘अहाहा’ केलं. तिथेच ठरलं की ही चाल बंद पडता कामा नये. भावजींनी गावाला पुन्हा हुकूम सोडला, आता उलट बाजूचा. या चबुतऱ्यावर ही प्रदक्षिणा दरसाल झालीच पाहिजे, आणि जो कोणी तिला आडकाठी करील त्याला कचेरीत जाब द्यावा लागेल. गोमी म्हणाली, “बरं.” आणि तिने रास भरायला घेतली. शेवटची पाटी घरात गेली तेव्हा थेंब सुरू झाले.

विनू, ही झाली लढाई. कुणी मेलं नाही म्हणून हिरमुसू नकोस.

तुम्ही म्हणाल, आजी बोलली का नाही. तुमच्या आईनेही मोठी झाल्यावर हेच विचारलं होतं. मी बोलले असते तर त्या शहाण्यांच्या डोक्यात एवढंच शिरलं असतं की हे नुसतं खळं आहे, आणि नुसतं खळं असतं तर ते ध्वजाच्या पायातून हलवलंच असतं. लोकांच्या पोटाची जागा त्यांना अडगळ वाटत होती. तिथली मळणी पूर्वजांची चाल ठरली तेव्हा तिला हात लावायची त्यांची छाती झाली नाही. मग मी खरं सांगून कुणाचं भलं करणार होते? भावजींच्या ज्ञानाचं? ते वाढलं असतं तर त्यांनी तेही कुणालातरी मोठ्याने ऐकवलं असतं.

पाहुण्यांचा लेख छापून आला. त्यात ‘त्रिध्वज’ होता, ‘सस्योत्सव’ होता, ‘अरण्यवासी बंधूंची अबोल निष्ठा’ होती. गोमीइतकं बोललेलं माणूस त्या दिवशी डोंगरावर दुसरं नव्हतं. भावजींनी मला तो इंग्रजीत करायला सांगितला, साहेबांच्या एखाद्या मासिकाकडे पाठवण्यासाठी. मी केला. प्रदक्षिणेला इंग्रजीत एक लांबलचक लॅटिन घाटाचा शब्द आहे. तो मी प्रत्येक ठिकाणी बिनचूक लिहिला, स्वल्पविराम जागच्या जागी ठेवले, समास सोडला. मूर्खपणाला गबाळेपणाची जोड मिळू नये, एवढंच माझ्या हातात होतं.

हल्ली किल्ल्यांवर जायची टूम पुन्हा वाढली आहे. रविवारी मुंबईच्या गाडीने पोरं उतरतात, पाठीला पिशव्या, हातात काठ्या, आणि आमच्याच ओटीवर येऊन वाट विचारतात. काही जण कशेळ्याची वाट विचारतात तेव्हा मी नीट सांगते. परवा एकाने मला उलट माहिती दिली की पेठवर फार जुनी ध्वजप्रदक्षिणेची चाल आहे, पुस्तकात आहे. मी म्हटलं, हो का. तो म्हणाला, आजी, तुम्ही इथल्या असून तुम्हाला ठाऊक नाही? नाकावर चष्मा होता त्याच्या. दाढीसुद्धा नीट आलेली नव्हती. पण त्याच्या तोंडावरचा तो भाव, आपल्याला ठाऊक आहे आणि समोरच्या म्हातारीला नाही, तो मी पूर्वी पाहिलेला होता, आणि तेव्हा तो पट्ट्या बांधून आला होता.

मंडळाची दुसऱ्या सालची वारी मात्र सांगितलीच पाहिजे, नलू, कारण तुझ्या भाषणाला शेवट हवा. लेखामुळे मंडळ फुगलं होतं. कर्जत, खालापूर, पनवेल, कुठून कुठून भक्त आले. गोमीला आधी निरोप गेला होता की अमुक दिवशी प्रदक्षिणा ठेव. तिने उलट निरोप धाडला की नाचणी वाळली नाय, आठ दिस थांबा. मंडळ थांबलं. मामलेदाराचा शब्द तेवढा ऐकणारं ते मंडळ एका ठाकरणीच्या नाचणीसाठी थांबलं.

आम्ही पोचलो तेव्हा कणसं पसरलेली होती, दावं सोटाला होतं. मंडळी चढणार तोच गोमी आडवी झाली.

“पायतान काडा. खळ्यात पायतान चालत नाय.”

“अर्थातच,” पाहुणे म्हणाले आणि पट्ट्या सोडू लागले. बुटांची रांग लागली. अनवाणी पाय फार पांढरे आणि फार मऊ दिसत होते. पाहुण्यांनी प्रस्ताव मांडला की नुसतं पाहण्यापेक्षा आपणही बैलांमागून प्रदक्षिणा घालावी. सगळ्यांना स्फूर्ती आली. धर्माने बैल हाकले आणि त्यांच्यामागून वकील, हेडमास्तर, पेन्शनर, सगळे हात जोडून, एका ओळीत, नाचणीच्या कणसांवरून चालू लागले. काहींनी श्लोक म्हटले. भुसा टोचत होता आणि ते ओठ दाबून भक्तीने सोसत होते. एक फेरी झाली, दुसरी झाली. थांबायला लागले की गोमी आकड्याने न तुडवलेली कणसं त्यांच्या पायाखाली ओढायची आणि म्हणायची, “अजून नाय झालं.” मग ते पुन्हा चालायचे. उन्हं कलली. भावजींचा श्वास लागला होता, पण पुढे पाहुणे होते आणि मागे पनवेलचे होते, मधल्या माणसाला थांबता येत नव्हतं.

जाऊबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. “इतके तर ते कधी आपल्या खळ्यातही फिरले नाहीत,” त्या म्हणाल्या.

शेवटी गोमीने एक मूठ उचलली, तळहातावर चोळली, फुंकली आणि दाणे पाहिले. एकही कोंड्यात नव्हता. तिने मान हलवली आणि प्रदक्षिणा संपली. मंडळी कडेला जाऊन पायांतली कुसळं काढत बसली. त्यांचे चेहरे तृप्त होते. हेडमास्तरांना कविता सुचत होती.

गोमी कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे बघत माझ्यापाशी आली.

“बाय,” ती हळूच म्हणाली, “फुडल्या साली किती जन येतील? मी नाचनीसंगं वरीबी पेरीन म्हंते.”